नाईटला हात उगारला गेला, दोन महिने झाले तरी हात थरथरतात

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, कंत्राटी. दोन महिन्यांपूर्वी नाईटला मेडिसिन वॉर्डमध्ये पेशंट गेला, नातेवाईकांमधल्या एकाने दारू पिऊन कानाखाली मारली आणि ट्रॉली उलटवली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या जाऊ दे, त्यांचं माणूस गेलंय. तक्रार केली नाही. आता झोप लागत नाही, दारूचा वास आला की हात थरथरतात, आयव्ही (शिरेतली सुई) लावता येत नाही, घरी मुलावर ओरडते. मी कमजोर आहे का? नोकरी सोडू का?"

आधी कानाचं विचारते, मग बाकीचं. कानाखाली बसली म्हणतेस, तर तो कान ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला, दाखवलास का गं? उघड्या हाताची चापट कानावर जोरात बसली की पडदा फाटू शकतो, लहान भोक बरेचदा आपोआप भरतं पण सगळ्यांचं भरत नाही. त्या कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत असेल, कमी ऐकू येत असेल तर टेन्शनमुळे होतंय म्हणून सोडून देऊ नकोस. हे मुद्दाम पहिलं लिहिते कारण आपल्याकडे सिस्टरला मार बसला की तिला कुणी पेशंट समजतच नाही, ती स्वतःही नाही. रात्रभर दुसऱ्यांचे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचे, पेपर पुढे सरकवणारी बाई स्वतःचा एमएलसी करायचं नावही काढत नाही, तोंडावर पाणी मारते आणि सहाची इंजेक्शनं द्यायला जाते.

आता कमजोर आहेस का, तर नाही. मी सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये आहे, त्याआधी कॅज्युअल्टी आणि मेडिसिनमध्ये बरीच वर्षं काढली, आता स्टाफच्या समुपदेशनाचं काम बघते, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण याच शब्दात विचारते. ज्या विचारतात त्यातल्या कितीतरी जणी एकटीने पन्नास पेशंट सांभाळणाऱ्या, सीपीआर देताना न डगमगणाऱ्या असतात. मनाच्या ताकदीचा इथे संबंध फार थोडा आहे.

काय होतं ते सांगते. अंगावर कुणी धावून आलं की शरीर जीव वाचवायच्या तयारीला लागतं, हृदयाचे ठोके वाढतात, हातपाय ताठ होतात, पळ किंवा उलटून मार असा आतून हुकूम येतो. तुला त्या रात्री दोन्ही करता आलं नाही. पळणार कुठे, वॉर्डात बाकीचे पेशंट, एकाचा ऑक्सिजन चालू, दुसऱ्याचं रक्त चालू. उलटून मारणं तर शक्यच नाही, अंगावर युनिफॉर्म. मग शरीर तिथल्या तिथे थिजतं. असं अडकल्यासारखं होणं आणि सुटकेचा मार्गच नसणं, हे नंतर जास्त त्रास देतं. मेंदू ती रात्र नेहमीच्या आठवणीसारखी बाजूला ठेवत नाही, ती अजून चालूच आहे असं धरून बसतो आणि त्या रात्रीची कुठलीही खूण दिसली की अलार्म वाजवतो. तुझ्या बाबतीत ती खूण दारूचा वास. आणि विचार कर, आपल्या वॉर्डात स्पिरिटचा वास दिवसभर असतो, त्यामुळे तुझं शरीर अख्खी ड्युटी अर्धवट अलार्मवरच काढत असणार. आयव्ही लावायच्या आधी तू स्पिरिट स्वॅब उघडतेस आणि नेमका तेव्हाच हात थरथरतो का, हे एकदा लक्ष देऊन बघ. तसं असेल तर तुझं कौशल्य गेलेलं नाही, वासाने शरीर घाबरतंय, आणि यावर इलाज आहे.

अशा घटनेनंतरचा पहिला महिना झोप उडणं, दचकणं, रडू येणं, तोच प्रसंग डोळ्यापुढे येणं हे खूप जणींना होतं आणि बहुतेकींचं हळूहळू कमीही होतं. महिना उलटून गेला, त्रास तसाच आहे आणि कामावर घरावर परिणाम होतोय, तर पीटीएसडी, म्हणजे अशा धक्क्यानंतर टिकून राहणारा मनाचा आजार, आहे का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. तुला दोन महिने झालेत. मी इथून निदान करणार नाही, करूही नये, पण तू जे लिहिलंस त्यावरून तपासायला जायलाच पाहिजे एवढं नक्की. तिथे साधारण चार गोष्टी विचारतील. प्रसंग नको असताना परत परत येतो का, स्वप्नात किंवा जागेपणी. तू काही टाळायला लागलीस का, म्हणजे तो बेड, तो कॉरिडॉर, नाईट बदलून घेणं, नातेवाईकांशी बोलायला मावशींना पुढे करणं. स्वतःबद्दल, माणसांबद्दल मत बदललंय का, सगळे नातेवाईक धोकादायक वाटतात, कशातच आनंद वाटत नाही, माझंच चुकलं असं सतत वाटतं. आणि शरीर कायम सावध असतं का, पाठीमागून कुणी सिस्टर म्हणून हाक मारली तरी दचकतेस, चिडतेस, लक्ष लागत नाही. मुलावर ओरडणं या शेवटच्यातच येतं. तू वाईट आई झालेली नाहीस.

त्यात आपली नाईट. मनाला बसलेला धक्का सावरायला झोप लागते आणि आपल्या रोटेशनमध्ये झोपेचं काय होतं ते तुला सांगायला नको. म्हणून अशा मुलीला काही आठवडे तरी नाईट देऊ नये असं मी प्रत्येक मेट्रनला, म्हणजे नर्सच्या प्रमुखाला, सांगत आलेय. लाड करा म्हणून नाही, झोप हा उपचाराचा भाग आहे म्हणून.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. मार बसणं वाईटच, पण इतकी वर्षं या मुलींशी बोलून माझं ठाम मत झालंय की त्यांना आतून जास्त पोखरतं ते नंतरचं "जाऊ दे". ज्या वॉर्डात मारहाण झाल्यावर अर्ध्या तासात कुणी वरिष्ठ आलं, तुला लागलंय का विचारलं, तिला खुर्चीवर बसवून ड्युटी दुसरीकडे दिली, घरी सोडायला माणूस दिला आणि तक्रार संस्थेने स्वतः केली, तिथल्या मुली बऱ्याच लवकर सावरलेल्या मी बघितल्यात. आणि जिथे काही विशेष झालं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिथे लहानशी धक्काबुक्कीसुद्धा वर्षभर सलत राहिलेली बघितलीय. कारण हात उगारणारा परका होता, एकदा आला आणि गेला. इन्चार्ज, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), सिव्हिल सर्जन (जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख) ही आपली माणसं, त्यांच्यासोबत रोज काम करायचंय, आणि त्यांनी त्या दिवशी तुला जे दाखवलं ते असं की तुझ्या अंगाची किंमत रजिस्टरमध्ये एका ओळीचीही नाही. इथे विश्वास तुटतो आणि तो मारापेक्षा उशिरा भरतो.

तुझ्या इन्चार्जबद्दल मला राग नाही, खरंच. त्यांनाही कधीतरी कुणीतरी मारलेलं असणार आणि त्यांच्याही इन्चार्ज हेच म्हणाल्या असणार. त्यांचं माणूस गेलंय हे खरंच आहे, दुःखात माणूस ओरडतो, हंबरडा फोडतो, भिंतीवर डोकं आपटतो, ते आपण रोज समजून घेतोच की. पण दुःख झालं म्हणून दुसऱ्याच्या कानाखाली मारायचा हक्क कुणाला मिळत नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुला त्या कुटुंबाबद्दल वाईट वाटू शकतं आणि त्याच वेळी त्या माणसाबद्दल राग येऊ शकतो, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

मार आपल्यालाच का बसतो हेही समजून घे, कारण खूप मुली ते स्वतःवर घेतात, माझ्या बोलण्यात काही चुकलं का, मी दोन मिनिटं आधी गेले असते तर. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, सीटीची तारीख दुसरं कुणी देतं, औषध बाहेरून आणायची चिठ्ठी तिसरं कुणी लिहितं, ॲम्ब्युलन्स उशिरा येते, बेड नसतो, पण बेडजवळ चोवीस तास दिसते ती सिस्टर, म्हणून सगळ्या व्यवस्थेवरचा राग हाताला सापडेल त्या सिस्टरवर निघतो. भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण आहे की टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक आणि जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक नर्स हवी. आपल्या जनरल वॉर्डच्या नाईटला काय असतं ते तू बघतेसच. एक सिस्टर सगळीकडे पोचूच शकत नाही, नातेवाईक वाट बघत राहतात, मग आवाज चढतो, मग कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ करायला लागतो, कुणी कार्यकर्त्याला फोन लावतो. हे सगळं तुझ्या स्वभावामुळे घडत नाही. २०१९ मध्ये जगभरच्या अडीचशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण ६२ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांनी वर्षभरात पेशंट किंवा भेटायला येणाऱ्यांकडून कुठली ना कुठली हिंसा सोसल्याचं सांगितलंय, आणि प्रत्यक्ष अंगावर हात पडलेले साधारण २४ टक्के. एवढ्या सगळ्यांचा स्वभाव कसा काय चुकीचा असेल?

आणि शिव्या, धमक्या, बाहेर भेट तुला बघतो, इंजेक्शन देताना मुद्दाम हात लावणं, अंगावरून घाणेरडं बोलणं, हे तर आपण मोजतच नाही. मोजायला पाहिजे. रोजच्या रोज थोडं थोडं सोसलं की एका मोठ्या घटनेसारखा धक्का दिसत नाही पण आतून माणूस कोरडं होतं. मी अशा सिस्टर बघितल्यात ज्या एके काळी पेशंटच्या आईला जवळ घेऊन बसायच्या आणि आता मान वर न करता बोलतात, नातेवाईक जवळ आला की एक पाऊल मागे. बाहेरून लोक म्हणतात काय उद्धट बाई आहे. ती उद्धट झालेली नाही, तिने स्वतःला वाचवायला दार लावून घेतलंय, आणि त्या दाराच्या आत तिला करमतही नाही. यात पेशंटचंही नुकसान होतं, लक्ष न लागणाऱ्या, झोप नसलेल्या नर्सकडून डोसची चूक व्हायची शक्यता वाढते, म्हणून हा नर्सच्या कल्याणाचा वेगळा विषय आहे असं समजणं मला पटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात गप्प बसवण्याचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग सिस्टरांवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच आवारात, हॉस्पिटलच्याच सफाई कामगाराने हल्ला केला, त्या १८ मे २०१५ ला गेल्या, म्हणजे मधली जवळपास ४२ वर्षं तिथेच अंथरुणावर होत्या आणि पिढ्यानपिढ्या तिथल्या नर्सनी त्यांना सांभाळलं. त्यांचं हे सांभाळणं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वेळी तक्रार झाली ती जीवे मारण्याचा प्रयत्न आणि चोरीची, लैंगिक अत्याचाराचा उल्लेखच केला गेला नाही, बदनामी होईल म्हणून, त्यामुळे आरोपीला त्याची शिक्षाच झाली नाही, हे फार कमी जण सांगतात. बाईच्या भल्यासाठी म्हणून झाकायचं ही सवय तेव्हाची आहे आणि अजून गेलेली नाही, तुझ्या वाट्याला आलेलं "जाऊ दे" त्याच सवयीतून येतं.

आता काय करायचं. एक, मनोविकार तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेट. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, पण स्वतःच्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत केसपेपर काढून बसायला तुला संकोच वाटेल, सगळे ओळखीचे, वॉर्डबॉय मामा विचारणार सिस्टर तुम्ही इथे कशा. वाटत असेल तर दुसऱ्या ठिकाणी जा, त्यात काही चुकीचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, हेही लक्षात ठेव. लगेच जाणं जमत नसेल तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि जगायला नको असं कधी मनात आलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नकोस, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांग आणि फोन लाव किंवा थेट इमर्जन्सीला जा.

उपचारात मुख्य असते ती ट्रॉमावर बेतलेली बोलण्याची थेरपी, काही ठिकाणी ईएमडीआरही (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन केलेली थेरपी) करतात. त्यात तज्ज्ञ तुला हळूहळू, तुझ्या वेगाने, त्या रात्रीजवळ नेतात आणि ज्या गोष्टी टाळतेस त्यांना परत हात लावायला शिकवतात, कदाचित आधी घरी बसून स्पिरिट स्वॅबचा वास, मग ट्रॉलीजवळ उभं राहणं, मग सोप्या शिरेचं आयव्ही, असं. गरज वाटली तर सर्ट्रालिनसारखी गोळी देतात, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत बंद करू नकोस. आणि एक कळकळीची विनंती, झोपेसाठी वॉर्डातली अल्प्राझोलम स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. आपल्या हाताशी असते, सोपी वाटते, एक रात्र झोप लागते, पण पीटीएसडीवर तो उपाय नाही आणि सवय फार लवकर लागते. ड्युटीवर ठोके वाढायला लागले की तेवढ्यापुरतं एवढं कर, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकव, ट्रॉलीची थंड कड हातात धर, श्वास घेशील त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लाव, असे काही श्वास. त्यानेही थांबलं नाही तर आयव्ही दुसरीला दे, त्यात लाज नाही.

दोन, नोंद. दोन महिने झाले म्हणून दार बंद झालेलं नाही. घडलं तसं कागदावर लिही, तारीख, वेळ, कोण हजर होतं, काय बोललं गेलं, काय तुटलं, नंतर तुला काय काय त्रास झाला, आणि उशीर का झाला तेही साधेपणाने लिही, इन्चार्जनी थांबवलं असेल तर तसं. मेट्रन आणि सिव्हिल सर्जनना अर्ज दे, आवक नंबर घे, सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं त्यातच लिही, ते बरेच ठिकाणी थोड्या दिवसांत पुसलं जातं पण विचारायला काय जातं. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० पासून वेगळा कायदा आहे, त्यात नोंदणीकृत नर्स स्पष्ट येतात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड, तोडफोडीची दुप्पट भरपाई वेगळी. कायम की कंत्राटी असा भेद तो कायदा करत नाही, हे तुझ्यासाठी महत्त्वाचं. अंगाला हात लावणं, लैंगिक बोलणं असं काही झालं असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत जाता येतं, आणि त्रास देणारा बाहेरचा असला तरी तक्रारीला मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्या प्रकरणानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने आदेश काढला की ड्युटीवर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करावा. मला त्यातलं संस्थेच्या वतीने हे फार मोलाचं वाटतं. मार खाल्लेल्या मुलीने एकटीने पोलीस ठाण्यात बाकावर बसायचं आणि समोरच्या पार्टीचे दहा जण दारात उभे, हे तिला दुसऱ्यांदा मारण्यासारखं आहे. तक्रार करायचीच की नाही हे मात्र तू ठरव. मी कुणावर जबरदस्ती करत नाही, काही मुलींना केस उभी करून बरं वाटतं, काहींना कोर्टाच्या तारखांनी जास्त त्रास होतो. नुसती लेखी नोंद तरी असू दे.

हे वाचणाऱ्या इन्चार्ज आणि मेट्रन असतील तर त्यांच्यासाठी थोडं. घटना घडली की त्या मुलीला सगळ्यांसमोर उभं करून काय झालं ते पहिल्यापासून सांग असं करू नका, अशा एकाच बैठकीत जबरदस्तीने सगळं बोलून घेण्याने पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासांत दिसलंय, उलट काहींचा त्रास वाढतो. तिला सुरक्षित ठिकाणी न्या, पाणी चहा द्या, घरच्यांना फोन लावून द्या, बोलली तर ऐका, नाही बोलली तरी बसून राहा. मला पण तीन वेळा मारलंय, सवय होते, हे चुकूनही बोलू नका. दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात परत विचारा, कारण पहिल्या दिवशी सगळ्याच ठीक आहे म्हणतात. आणि त्याच कुटुंबाच्या बेडवर तिला परत पाठवू नका.

राहिलं नोकरीचं. राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो सध्या पर्समध्येच राहू दे. झोप नसताना आणि शरीर अलार्मवर असताना घेतलेला निर्णय हा त्या माणसापासून पळायचा निर्णय असतो, तुझ्या पुढच्या आयुष्याचा नसतो. आधी मेडिकल सर्टिफिकेटवर रजा मिळते का बघ. कंत्राटी म्हणून रजा कापली जाणार असेल तर निदान वॉर्ड बदलून माग, ओपीडी, लसीकरण, एनसीडी (बीपी-शुगरसारख्या आजारांचं) क्लिनिक, जिथे नाईट नाही आणि गर्दीचा राग कमी आहे, आणि अर्जात तात्पुरतं असं स्पष्ट लिही म्हणजे परत यायची वाट उघडी राहते. घरी नवऱ्याला किंवा जो कोणी जवळचा असेल त्याला सांग की चिडचिड कशामुळे आहे, मुलालाही त्याच्या वयाला कळेल असं सांग की आईला कामावर कुणीतरी मारलं होतं म्हणून तिला बरं वाटत नाहीये, तुझ्यावर राग नाही. उपचार सुरू होऊन दोन तीन महिने गेले, झोप परत आली, हात स्थिर झाले आणि तरीही हे काम नको वाटलं तर खुशाल सोड, त्यात हार नाही, खूप चांगल्या सिस्टर वॉर्ड सोडून शिकवायला, पब्लिक हेल्थला गेल्यात. पण कानाची आणि मनाची अशा दोन अपॉइंटमेंट या आठवड्यात घे, आणि जाताना सोबत कुणाला तरी घेऊन जा.